१७७१ चा हिवाळा, केंटकीचं जंगल, दोन तरुण: कादंबरीच्या खर्ड्यातल्या चुका सांगा

बर्डीचा वाचक

नमस्कार मंडळी. इथल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी एक कुमार कादंबरी लिहून राहिलोय. काळ नोव्हेंबर १७७१. उत्तर कॅरोलायनातल्या यॅडकिन नदीच्या खोऱ्यातले दोन शेतकरी पोरं, एक सतरा वर्षांचा आणि एक वीस वर्षांचा, कातडी मिळवायला कंबरलँड खिंडीतून केंटकीत उतरतात आणि फेब्रुवारीअखेर परततात.

खर्ड्यात सध्या असं आहे. दोघांकडे एकेक रायफल. एकच घोडा, त्याच्यावर दोनशे किलो सामान. भर पावसात अस्वलाशी गाठ पडते आणि थोरला पाठोपाठ तीन गोळ्या झाडतो. धाकट्याला जानेवारीत रॅटलस्नेक चावतो. नदीकाठची झाडं तोडून तासाभरात तराफा बनवतात आणि पलीकडे जातात. खाणं म्हणजे रोजची ताजी शिकार. जंगल निर्मनुष्य, आणि अचानक आदिवासींचा हल्ला.

यातलं काय टिकणार नाही आणि त्याऐवजी खरोखर काय बिघडू शकतं, हे मापासकट सांगा. आपल्याकडची मुलं पेंच-ताडोबा पाहिलेली आहेत, जंगल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापुढे खोटं जंगल ठेवायचं नाही.

ठासणी

पावसातल्या तीन गोळ्या आधी काढा. ती बंदूक ठासणीची, गडचिरोलीकडे भरमार म्हणतात त्याच जातीची. फक्त नळी मीटरभराहून लांब, आतून आटे पाडलेली आणि पेटायला चकमकीचा दगड. सरावाच्या माणसाला एक बार भरायला अर्धा मिनिट लागतो. हात गारठले असतील तर त्याच्या दुप्पट धरा.

क्रम असा. शिंगातली दारू आधी हरणाच्या शिंगाच्या छोट्या मापात ओतायची, मापातून नळीत. साडेबारा मिलिमीटरच्या नळीला सुमारे साडेचार ग्रॅम. थेट शिंगातून नळीत कधीच नाही, कारण मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर सगळं शिंग हातात फुटतं. मग चरबी लावलेली तागाची चिंधी, तीवर शिशाची गोळी, आणि हिकरीच्या लाकडी गजाने खालपर्यंत ठासायचं. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेही. गज बाहेर काढायचा, कानाजवळच्या (नळीच्या बाजूच्या बारीक भोकाजवळच्या) वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, घालायची, वाटीचं झाकण मिटायचं आणि घोडा पूर्ण ओढून नेम धरायचा.

पावसात घात होतो तो रंजकेचा. वाटीत ओल शिरली की चकमक ठिणगी पाडते आणि पुढे काहीच होत नाही. कधी रंजक उडते, धूर होतो, पण आतला बार पेटतच नाही. म्हणून चालताना चापाच्या यंत्रावर चरबी चोपडलेल्या चामड्याची टोपी बांधायची आणि बंदूक तोंड खाली करून काखेत धरायची.

दुसरी अडचण मुलांना नक्की आवडेल. पाच-सहा बार काढले की नळीत काजळीचा थर बसतो आणि गोळी खाली जाईना होते. ती काजळी हवेतली ओल ओढते, त्यामुळे न धुता ठेवलेली नळी दमट हवेत रातोरात गंजते. रोज संध्याकाळी पाण्याने धुणे, कोरडी करणे, अस्वलाची चरबी फिरवणे, यात सुटी नाही. तुमच्या थोरल्याला दमल्यामुळे एक रात्र हे टाळू द्या. पुढचा सगळा प्रसंग आपोआप उभा राहील.

हिशेब: ४५० ग्रॅम दारूत रंजक धरून नव्वद-पंच्याण्णव बार निघतात. त्या नळीची गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तेवढ्या बारांना सव्वा किलोच्या आत शिसं. चार महिन्यांसाठी माणशी दीड किलो दारू आणि चार किलो शिसं धरा, शिवाय गोळ्या पाडायचा साचा. चकमकीचे दगड डझनभर. दगडाची धार बोथट झाली की ठिणगी पडत नाही. सुरीच्या पाठीने हलके टोले देऊन टवके काढायचे, नवी धार येते.

आणि अस्वलाशी झुंज कशाला? तिथलं काळं अस्वल आपल्या अस्वलापेक्षा बुजरं. आपल्याकडचं अस्वल माणूस अचानक जवळ आला की अंगावर येतं, म्हणून आपल्या मनात तेच चित्र असतं. तिकडे ती माणसं चरबीसाठी अस्वल शोधत फिरायची.

कन्हानकाठ

तासाभरात तराफा होत नाही. याचा एक पक्का दाखला आहे, आणि तोही एकवीस वर्षांच्या तरुणाचा.

डिसेंबर १७५३. (इकडे नागपुरात तेव्हा पहिले रघुजी भोसले होते.) व्हर्जिनियाच्या गव्हर्नरचं पत्र फ्रेंचांच्या लबफ किल्ल्यावर पोचवून जॉर्ज वॉशिंग्टन परत निघाला होता. सोबत ख्रिस्तोफर गिस्ट हा मुरलेला वाटाड्या. घोडे थकले म्हणून दोघं ते मागे सोडून पायी निघाले. २७ तारखेला सोबत घेतलेल्या एका आदिवासी माणसाने पंधरा पावलांच्या आतून त्यांच्यावर गोळी झाडली, ती चुकली. त्याला सोडून दिलं आणि माग काढला जाईल या भीतीने दोघं रात्रभर चालले. अलेगेनी नदी गोठलेली असेल, चालत ओलांडू, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात फक्त काठ गोठलेले, आणि मधून बर्फाचे तुकडे वाहत होते.

लाकूड तोडायला दोघांत अवजार एकच, साधी हातकुऱ्हाड. तराफा बांधायला अख्खा दिवस गेला. सूर्य मावळल्यावर पाण्यात लोटला आणि अर्ध्यावर जायच्या आत बर्फात अडकला. बर्फ पुढे जाऊ द्यावा म्हणून वॉशिंग्टनने लांब काठी तळाशी रोवून तराफा थोपवायला पाहिलं. पाण्याच्या जोराने बर्फ त्याच काठीवर आदळला आणि वॉशिंग्टन दहा फूट खोल पाण्यात फेकला गेला. तराफ्याचा एक ओंडका हाती लागला म्हणून वाचला. कुठलाच काठ गाठता येईना, तेव्हा तराफा सोडून जवळच्या बेटावर रात्र काढली. गिस्टची हाताची सगळी बोटं आणि पायाची काही बोटं गारठ्याने गेल्यासारखी झाली. सकाळी मात्र नदी इतकी घट्ट गोठली होती की दोघं बर्फावरून चालत पलीकडे गेले. ही जागा आजच्या पिट्सबर्ग शहरात आहे.

चूक कुठे झाली ते नीट पाहा. वाहत्या पाण्यात काठी तळाशी घट्ट रोवून तराफा अडवला की पाण्याचा आणि बर्फाचा सगळा भार काठीवर येतो, आणि काठी धरणारा माणूस म्हणजे त्या तरफेचं टोक. तराफा प्रवाहाबरोबर जाऊ द्यायचा आणि तिरका ढकलत न्यायचा, काठ खाली कितीही दूर लागो.

तुमच्या खर्ड्यातली दुसरी चूक लाकडाची. ताजं तोडलेलं ओक किंवा हिकरी जेमतेम तरंगतं, वर दोन माणसं बसली की ओंडके पाण्याखाली जातात. आपल्याकडे ओलं सागवान बुडतं ते माहीत असेलच. म्हणून उभं वाळलेलं झाड शोधायचं, तेही सालीखाली कोरडं असलेलं. सहा-सात ओंडके, टोकांना दोन आडवी लाकडं, बांधायला रानद्राक्षाचे वेल किंवा चामड्याच्या वाद्या. चामडं भिजलं की सैल होतं, म्हणून वेल बरे. दारूचं शिंग आणि पेटवायचं सामान तराफ्यावर ठेवायचं नाही, गळ्यात किंवा टोपीखाली बांधायचं. तराफा गेला तरी ते राहिलं पाहिजे.

जुनी पानं

भाऊ, 'निर्मनुष्य' हा शब्द सगळ्यात आधी खोडा. कंबरलँड खिंडीतून जाणारी वाट गोऱ्यांनी पाडलेली नाही. ती शॉनी, चेरोकी आणि इतर लोकांची शिकारीची आणि लढाईची जुनी वाट. डॉक्टर थॉमस वॉकर १७५० मध्ये तिथून गेला तेव्हाही ती मळलेली होती. केंटकी हे त्यांचं शिकारीचं रान. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉय लोकांनी ते इंग्रजांना देऊन टाकलं. तिथे प्रत्यक्ष शिकार करणाऱ्या शॉनींना ते मान्य नव्हतं. शिवाय इंग्लंडच्या राजानेच १७६३ मध्ये अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला मनाई केली होती. म्हणजे तुमची पोरं दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करायला निघाली आहेत. हे त्यांनाही ठाऊक असणार. कादंबरीत ते दिसू द्या.

'अचानक हल्ला' हेही अर्धवट चित्र. डिसेंबर १७६९ मध्ये डॅनियल बून आणि जॉन स्टुअर्ट या दोन गोऱ्या शिकाऱ्यांना शॉनींनी पकडलं. त्यांची साठवलेली कातडी आणि घोडे घेतले, पण जीव घेतला नाही. वाटेपुरती दारू-गोळी देऊन सोडलं आणि पुन्हा येऊ नका असं बजावलं. कारणही सरळ होतं. घरासाठी मारलेलं हरीण ते समजून घेत. कातडं सोलून मांस कुजत टाकणारा शिकारी त्यांना नको होता. बून १७७१ मध्ये घरी परतला तो जवळजवळ रिकाम्या हाताने. तुमची पोरं त्याच साली, त्याच यॅडकिन खोऱ्यातून निघतात. ही बातमी त्यांच्या घरी पोचलेली असणारच. आई ती बोलून दाखवेल.

पुढे दोन्ही बाजूंनी रक्त सांडलं. १० ऑक्टोबर १७७३ ला बूनचा सोळा वर्षांचा मुलगा जेम्स पॉवेल खोऱ्यात मारला गेला. तो एका छोट्या टोळीबरोबर पीठ आणि सामान घेऊन केंटकीत वस्तीला निघालेल्या बूनच्या मुख्य तांड्यामागून येत होता. अंधार पडला म्हणून वॉलन्स क्रीकपाशी थांबले. वडिलांचा तळ पुढे फक्त तीन मैलांवर होता आणि मुलांना ते माहीत नव्हतं. पहाटे हल्ला झाला. तो तुमच्या कथेनंतरचा, पण असे प्रसंग कसे घडत ते त्यातून कळतं: फुटलेली टोळी, अंधार, आणि पुढचे लोक किती दूर आहेत याचा पत्ता नाही. त्या टोळीत चार्ल्स आणि अ‍ॅडम हे दोन गुलाम होते. अ‍ॅडम लपून राहिला म्हणून काय झालं ते नंतर कळलं. अशा प्रवासांत गुलाम बनवलेली माणसंही असत, हे पुस्तकांतून बहुतेक वेळा गळतं. तुम्ही गाळू नका.

शिदोरी

रोज ताजी शिकार? महिन्यात आठ-दहा दिवस काहीच मिळत नाही असं धरून चाला. पोटाचा आधार म्हणजे भाजून दळलेला मका, आपल्या सातूसारखाच. मका राखेत किंवा गरम वाळूत फुटेपर्यंत भाजायचा, कुटायचा, चामडी पिशवीत भरायचा. मूठभर पिठावर पाणी घेतलं की चूल न पेटवता दिवस निघतो. धूर दिसू द्यायचा नसेल तेव्हा हाच एक उपाय. माणशी रोज पाव किलो धरला तर दोघांना चार महिन्यांचे साठ किलो होतात; तेवढं कोणी नेत नसे. पंधरा-वीस किलो न्यायचं आणि हात राखून वापरायचं.

मांस वाळवायचं असेल तर धाग्याच्या दिशेने अर्ध्या सेंटीमीटरच्या पट्ट्या, मीटरभर उंच फांद्यांच्या मांडवावर, खाली मंद धूर. ज्वाळा लागली तर बाहेरून शिजतं, आत ओलं राहतं आणि चार दिवसांत बुरशी येते. वाकवल्यावर तडकलं पाहिजे पण तुटता कामा नये. चार किलो ताज्याचं साधारण एक किलो होतं. चरबी आधी काढायची, ती खवट होते. पण ती फेकायची नाही, वितळवून वेगळी ठेवायची. कडाक्याच्या थंडीत नुसतं सशाचं आणि वाळक्या हरणाचं मांस खात राहिलं तर पोट भरूनही माणूस खंगतो, जुलाब लागतात, कारण चरबी पोटात जात नाही. अस्वल हवं असायचं ते याचसाठी.

घोडा: दोनशे किलो चढवलं तर तो पहिल्याच डोंगरात बसेल. नव्वद किलो, फार तर शंभर. अर्धवट कमावलेलं हरणाचं कातडं एक किलोच्या वर भरतं, म्हणजे एका घोड्यावर शंभराच्या आसपास कातडी. परतीचा विचार केला तर दोन घोडे द्या. भार दोन्ही बाजूंना सारखा नसला की खोगीर सरकतं, पाठ सोलते, आणि सोललेल्या पाठीचा घोडा पुढचे दोन आठवडे कामाचा नाही. चारा म्हणजे नदीकाठचं वेळूचं बन, हिवाळ्यातही हिरवं असतं. गळ्यात घंटा बांधायची, दिवसा तिच्यात पाला कोंबायचा, रात्री पाय सैल बांधून चरायला सोडताना पाला काढायचा.

एक बारीक गोष्ट: हरणाचं कातडं चामड्यासाठी हवं तर ते उन्हाळ्यातलं आणि शरदातलं चांगलं. हिवाळ्यात दाट लोकर हवी असते ती बीव्हर आणि पाणमांजराची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर त्यांच्या सामानात लोखंडी सापळे हवेत.

आणि जानेवारीत साप चावत नाही. रॅटलस्नेक तेव्हा बिळात निजलेला असतो.

बर्डीचा वाचक

मनापासून आभार. साप गेला, अस्वलाशी झुंज गेली, तीन गोळ्या गेल्या. दोन घोडे आणि सहा सापळे आले. 'निर्मनुष्य' तर खोडलाच. सुरुवात आता आईच्या तोंडून बूनच्या बातमीने होईल.

आणखी दोन गोष्टी विचारतो. धाकटा एकटा पडून वाट चुकतो असं प्रकरण आहे, ते पटेल का? आणि पायात काय?

जुनी पानं

पटेल, पण तो गोल फिरत राहिला असं दाखवू नका. त्याने चुकीचा अंदाज बांधला आणि त्यावर ठाम राहिला, असं दाखवा. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुइस आणि क्लार्कच्या मोहिमेतला जॉर्ज शॅनन अठरा-एकोणीस वर्षांचा होता. २६ ऑगस्ट १८०४ ला घोडे शोधायला गेलेला हा मुलगा ११ सप्टेंबरला सापडला. तो हरवलेला नव्हताच, मिसुरी नदी त्याच्या डोळ्यांसमोर होती. मोहिमेची नाव आपल्या पुढे गेली असं त्याला वाटलं, म्हणून तो तिला गाठायला झपाझप पुढे चालत राहिला. नाव मागे होती. गोळ्या संपल्या. हरणं आणि रानगवे (तिकडचे बायसन) दिसत असताना बारा दिवस रानद्राक्षांवर आणि एका सशावर काढले. तो ससाही त्याने गोळीऐवजी कडक लाकडाचा तुकडा नळीत घालून मारला. शेवटी आशा सोडून काठावर थांबला, म्हणून मागून येणाऱ्यांना सापडला.

तुमच्या दोघांनी रोज सकाळी दोन गोष्टी ठरवलेल्या असाव्यात: आज संध्याकाळी कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी भेटायचं, आणि न भेटल्यास कोणी किती दिवस थांबायचं. मग एके सकाळी भांडण होतं आणि ठरवायचं राहून जातं. नकाशा काढून टाका, वापरण्याजोगा नव्हताच. वाट सापडते ती नदीच्या उपनद्या मोजून आणि गव्यांच्या मळलेल्या वाटांवरून. त्या वाटा खाऱ्या पाण्याच्या झऱ्यांकडे जातात. धाकटा अशाच वाटेला मोठा रस्ता समजून दिवसभर चालू शकतो.

मुलांना अंतराचा अंदाज द्यायचा तर, १७७५ मध्ये बूनने तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन होल्स्टन नदीपासून केंटकी नदीपर्यंत जी वाट मोकळी केली ती सुमारे ३२० किलोमीटर, नागपूर-रायपूरहून थोडी जास्त. तीन आठवडे लागले. आणि खिंड म्हणजे उत्तुंग घाट नव्हे, उंची पाचशे मीटरच्या आत, चिखलदऱ्याच्या निम्मीही नाही. त्रास होता तो तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या ओढ्यांचा, चिखलाचा आणि वेळूच्या दाटीचा.

कन्हानकाठ

पायात मोकॅसिन. हरणाच्या चामड्याचा एकच तुकडा, वर एक शिवण आणि टाचेला एक. आत हरणाचे केस किंवा सुका पाला कोंबायचा. खडकाळ वाटेवर काही दिवसांत तळ जातो, म्हणून प्रत्येकाजवळ आरी, चामड्याच्या वाद्या आणि ठिगळाचं चामडं हवंच. रोज रात्री शेकोटीपाशी दुरुस्ती, हे बंदूक धुण्याइतकंच ठरलेलं काम.

ओलं चामडं स्पंजासारखं पाणी धरतं. दिवसभर ओढे ओलांडले की तळपायाची कातडी पांढरी पडून सोलते आणि मग माणूस पाऊल टाकू शकत नाही. ती माणसं पाय शेकोटीकडे करून झोपायची ते नुसत्या उबेसाठी नाही, पाय सकाळपर्यंत कोरडे व्हावेत म्हणून. मोकॅसिन मात्र आगीजवळ वाळवायचे नाहीत, चामडं आखडून लाकडासारखं होतं. पिळायचे, हाताने चोळायचे, अंगाखाली घेऊन झोपायचं.

निवारा: पडलेल्या मोठ्या झाडाला पाठ लावून तीन बाजूंनी फांद्या आणि साली, चौथी बाजू उघडी, तिच्यासमोर दीड-दोन मीटरवर आग. उघडं तोंड वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला. धोक्याच्या मुलखात स्वयंपाक एका जागी, आग विझवायची, किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे जाऊन अंधारात झोपायचं.

बर्डीचा वाचक

शेवटचं विचारतो. नदीत पडल्यावर थोरल्याची भरलेली बंदूक भिजली. आतली दारू ओली, वर गोळी ठासलेली. आता ती रिकामी कशी करायची? गोळी वरून तर निघणार नाही ना?

ठासणी

निघते. गजाच्या टोकाला मळसूत्री आकडी बसवतात. ती गोळीच्या शिशात फिरवत रुतवायची आणि गोळी ओढून काढायची. चिंधी फुगून घट्ट बसली असेल तर दोघं लागतात, एक बंदूक धरायला आणि एक ओढायला. मग ओली दारू खरवडून काढायची, नळी धुवायची, आगीपासून लांब ऊबेवर वाळवायची.

आकडी नदीत गेली असेल तर दुसरी रीत. बाजूच्या कानाच्या भोकातून काडीने ओला लगदा जमेल तेवढा उकरायचा आणि त्याच भोकातून कोरडी बारीक दारू कणाकणाने आत सारायची. मग गजाने वरून गोळी पुन्हा खाली दाबायची, ती जागची हलली असेल तर. रंजक घालून बार काढला की गोळी निघून जाते. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, बोटं थरथरत असतात, आणि कोरडी दारू फक्त धाकट्याच्या शिंगात उरलेली असते. बार फुटला की आवाज दोन-तीन किलोमीटर जातो. तो काढायचा की मुक्याने बसायचं, हे त्या दोघांना ठरवू द्या.